कॅमेऱ्यांचे पत्ते : संस्थेच्या दप्तरांतील एक नवें खातें

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सहकारी संस्थांच्या आवारांत एक नवा पहारेकरी आला आहे. वजनकाटा, गुदाम, दूधसंकलन केंद्र, शीतगृह, खतबियाण्यांचें दुकान, जेथें जेथें सभासदाचा माल एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो, तेथें तेथें छताच्या कोपऱ्यांत एक लहानसा कॅमेरा बसविलेला दिसतो. हा खर्च सभासदांच्या पैशांतूनच होतो, व तो योग्यच आहे असें आमचें मत आहे. मापाविषयींचा संशय हा शेतकऱ्याच्या मनांतील फार जुना कांटा होय. वऱ्हाडांत १८८६ सालीं कारंजा येथें कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला व १८९७ सालीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. तेव्हांपासून आजतागायत बाजाराच्या व्यवस्थेंत खरें माप हा एक मुख्य विषय राहिला आहे. कॅमेऱ्यानें हा संशय फिटण्यास मदत होत असेल तर तो अवश्य बसवावा.

परंतु कॅमेरा बसविला म्हणजे साक्षीदार मिळाला, असें मात्र नव्हे. समजा, एका सभासदानें कांद्याची ट्रॉली काट्यावर घातली. पावतींत दोन क्विंटल कमी भरले असें त्याचें म्हणणें. काटा बरोबर होता असें कारकुनाचें म्हणणें. दोघेही म्हणतात कीं, त्या वेळचें चित्र काढून पाहावें. रेकॉर्डर उघडावा तों काट्याच्या कॅमेऱ्याच्या जागीं त्या तासाचा पडदा काळा! आतां सभासद खरा असेल तरी त्याला तें सिद्ध करतां येत नाहीं, आणि कारकून प्रामाणिक असेल तरी त्याला आपल्यावरील किटाळ पुसतां येत नाहीं. नुकसान दोघांचेंही होतें, आणि त्यांच्याहून अधिक संस्थेच्या नांवाचें होतें. अशा वेळीं कोणीतरी मुद्दाम तार उपटली असा तर्क सहज निघतो. पण पुष्कळ वेळां कारण याहून फार साधें असतें, आणि तें म्हणजे आवारांतील दोन यंत्रांना एकच पत्ता दिला गेलेला असतो. हा विषय कंत्राटदाराचा, आपला नव्हे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती दूर व्हावी एवढ्यासाठींच हा लेख आहे.

पत्ता म्हणजे काय ?

आजचे बहुतेक कॅमेरे संगणकांप्रमाणेंच एका जाळ्यांत जोडलेले असतात. कॅमेरा पाहतो आणि रेकॉर्डर सांठवितो. पाहिलेलें चित्र बरोबर रेकॉर्डरपर्यंत पोंचावें म्हणून जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता द्यावा लागतो, त्यास आय. पी. पत्ता म्हणतात. १९८१ सालीं ठरलेल्या आणि अजून सर्रास चालू असलेल्या पद्धतींत हा पत्ता चार आंकड्यांचा असतो. प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंतचा असून मध्यें टिंब देतात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.२१. असे सर्व मिळून सुमारें ४२९ कोटी पत्ते होतात. जगांतील यंत्रांना ते पुरणार नाहींत हें ध्यानांत आल्यावर १९९६ सालीं पत्त्यांचे कांहीं पट्टे खाजगी वापरासाठीं पक्के ठरविण्यांत आले. १९२.१६८ नें सुरू होणारा पट्टा त्यांपैकींच होय. हे पत्ते कोणीही आपल्या आवारांत वापरावे. आवाराबाहेर ते चालत नाहींत.

आमच्या वाचकांस हें समजण्यास गट क्रमांकाचें उदाहरण पुरे आहे. गट क्रमांक २१ प्रत्येक गांवांत असतो, आणि त्यांत कोणाचा तंटा नसतो, कारण गांवें वेगळीं आहेत. पण एकाच गांवांत दोन शेतांना गट क्रमांक २१ लागला तर दोन्ही शेतकऱ्यांना कोर्टाची पायरी चढावी लागेल. पत्त्यांचेंही तसेंच आहे. पत्त्याबरोबर आणखी एक आंकडा भरावा लागतो, तो बहुधा २५५.२५५.२५५.० असा असतो व त्यास सबनेट मास्क म्हणतात. ही आपल्या गांवची शीव समजावी. त्याचा अर्थ इतकाच कीं, पत्त्याचे पहिले तीन आंकडे हें गांवाचें नांव आणि चवथा हा गट क्रमांक. या शिवेंत ० व २५५ हे दोन आंकडे यंत्रास देतां येत नाहींत. बाकी २५४ मोकळे राहतात. तिसरी गोष्ट गेटवे. ही गांवची वेस होय. शिवेबाहेर जाणारा व येणारा सर्व व्यवहार तिच्यांतून होतो, आणि ती बहुधा राउटरच्या पत्त्यावर असते.

घोटाळा कसा होतो ?

कारखान्यांतून निघणारा प्रत्येक कॅमेरा एक ठराविक पत्ता घेऊनच बाहेर पडतो. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांचा असा मूळ पत्ता सामान्यतः १९२.१६८.१.६४ असतो, दाहुआच्या कॅमेऱ्यांचा १९२.१६८.१.१०८. आतां संस्थेनें एकाच जातीचे आठ कॅमेरे आणले व आठही एकदम जोडले, तर आठांचाही पत्ता एकच! रेकॉर्डर हांक मारतो आणि कधीं एक उत्तर देतो, कधीं दुसरा. चित्र येतें, जातें, पुन्हां येतें. गडी तारा हालवून पाहतो, खटका बंद करून पुन्हां लावतो, आणि योगायोगानें चित्र आलें म्हणजे काम झालें असें समजून घरीं जातो.

दुसरा घोटाळा याहून फसवा आहे. कचेरींतील राउटर हा तेथें येणाऱ्या प्रत्येक मोबाईलास व संगणकास आपण होऊन पत्ता देत असतो. हा पत्ता कायमचा नसून मुदतीचा असतो. एका हंगामापुरती जमीन खंडानें द्यावी तसाच हा प्रकार आहे. राउटर १९२.१६८.१०.२ पासून २५४ पर्यंतचे सर्व पत्ते खंडानें देत असेल आणि त्यांतलाच २१ क्रमांक कोणीं काट्याच्या कॅमेऱ्यास हातानें भरून ठेवला असेल, तर आज ना उद्यां राउटर तोच क्रमांक एखाद्याच्या मोबाईलास देऊन बसण्याचा धोका राहतो. मग तो मोबाईल कचेरींत असेपर्यंत काट्याचें चित्र तुटतें, आणि सायंकाळीं तो बाहेर पडला म्हणजे कॅमेरा आपोआप सुधारतो! असा रोग दिवसा येऊन रात्रीं जातो, म्हणून तो सांपडत नाहीं.

तिसरा प्रकार विजेचा. सर्व कॅमेरे खंडाच्या पत्त्यांवरच ठेवले, तर वीज जाऊन आल्यावर कोणाला कोणता पत्ता मिळेल याचा नेम नसतो. रेकॉर्डर तर जुन्याच पत्त्यावर हांका मारीत बसतो. आमच्या खेड्यांतील विजेची स्थिति पाहतां या धोक्याचें अधिक विवेचन करण्याची गरज नाहीं.

आधीं नकाशा, मग शिडी

यावर उपाय एकच : कॅमेऱ्यासाठीं भिंतीला भोंक पाडण्यापूर्वीं पत्त्यांचा आराखडा कागदावर करावा. कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर यांस कायम पत्ते द्यावे. मोबाईल व कचेरीचे संगणक यांच्यासाठीं खंडाच्या पत्त्यांचा वेगळा पट्टा राखावा. आणि या दोन पट्ट्यांमध्यें बांध असावा. मध्यम प्रतीच्या एका संस्थेसाठीं आम्हीं पुढील मांडणी सुचवितों. सर्व पत्त्यांचे पहिले तीन आंकडे १९२.१६८.१० असून खालीं फक्त शेवटचा आंकडा दिला आहे.

१ : राउटर, म्हणजे वेस.
१० : रेकॉर्डर.
२१ : वजनकाटा, वाहनाचा क्रमांक दिसेल असा.
२२ : वजनकाट्याची आंकडेपट्टी.
२३ : गुदामाचें दार.
२४ : गुदामाचा आंतला भाग.
२५ : मुख्य फाटक.
२६ : रोखपालाची खिडकी.
२७ : खतबियाण्यांचें दुकान.
२८ : मागील कुंपण.
२९ ते ५९ : पुढील वाढीसाठीं मोकळे.
१०० ते १९९ : मोबाईल व संगणक यांसाठीं खंडाचे.

तिसरा आंकडा १० घेण्याचें कारण असें कीं, विकत मिळणारे बहुतेक राउटर तेथें ० किंवा १ घेऊन येतात. आपला आंकडा वेगळा असला म्हणजे कोणीं न विचारतां आणून जोडलेल्या परक्या यंत्राशीं टक्कर होण्याचा संभव कमी होतो. शक्य असल्यास कॅमेऱ्यांचें जाळें कचेरीच्या जाळ्यापासून अजिबात वेगळेंच ठेवावें. ज्या रेकॉर्डरच्या पाठीमागें कॅमेऱ्यांच्या तारा थेट जोडण्याचीं छिद्रें असतात आणि जो त्याच तारेंतून कॅमेऱ्यांस वीजही पुरवितो, तो बहुधा हें काम आपण होऊन करतो. तो त्या कॅमेऱ्यांपुरतें एक निराळें गांव वसवितो व पत्तेही स्वतःच वांटतो. लहान संस्थेस हा प्रकार सोयीचा आहे. मात्र अशा कॅमेऱ्यास कचेरीच्या संगणकावरून थेट हांक मारतां येत नाहीं, रेकॉर्डरमार्फतच जावें लागतें, हें ध्यानांत ठेवावें. तसेंच रेकॉर्डर ते कॅमेरा ही तार १०० मीटरांहून लांब नसावी. अंतर अधिक असल्यास मध्यें स्विच बसवावा.

प्रत्यक्ष कृति

पहिल्यानें राउटरमध्यें खंडाचा पट्टा १०० ते १९९ असा बांधून टाकावा. नंतर एक संगणक घेऊन त्यास तात्पुरता हातानें पत्ता द्यावा. कॅमेऱ्याचा कारखान्यांतील पत्ता १९२.१६८.१.६४ असेल, तर संगणकास १९२.१६८.१.५० द्यावा, म्हणजे दोघे एका शिवेंत येतात. मग एका वेळीं एकच कॅमेरा जोडावा. हा नियम कोणत्याही घाईनें मोडूं नये. त्या कॅमेऱ्यास नवा पासवर्ड द्यावा, नवा पत्ता, शीव व वेस हे तीनही आंकडे भरावे, आणि तो बंद करून त्याच्या अंगावर शेवटच्या आंकड्याची चिठ्ठी चिकटवावी. मग दुसरा घ्यावा. आठ कॅमेऱ्यांना हें काम टेबलावर बसून तासाभरांत होतें. तेंच शिडीवर चढून करूं म्हटलें तर दिवस पुरत नाहीं.

कॅमेरे संपल्यावर संगणकासही तात्पुरता १९२.१६८.१०.५० असा पत्ता द्यावा व प्रत्येक नव्या पत्त्यास पिंग या साध्या आज्ञेनें हांक मारून पाहावी. कॅमेरा जोडलेला असतां उत्तर यावें. तो काढला असतां येऊं नये. काढल्यावरही उत्तर आलें, तर त्या पत्त्यावर दुसरें कोणी बसलें आहे असें समजावें. आंकडे यंत्रांत भरतांना ते इंग्रजीच असावे, आणि २१ च्या जागीं ०२१ असें लिहूं नये. कारण पुढें शून्य दिल्यास कांहीं यंत्रें त्या आंकड्याचा अर्थ निराळा करतात.

आणखी एक प्रसंग वारंवार येतो. इंटरनेटची कंपनी बदलली कीं राउटर बदलतो आणि नवा राउटर आपली नवी शीव घेऊन येतो. एकाची वेस १९२.१६८.१.१ वर, दुसऱ्याची १९२.१६८.०.१ वर, तर जिओच्या घरगुती राउटरची १९२.१६८.२९.१ वर असते. अशा वेळीं सगळ्या कॅमेऱ्यांचे पत्ते बदलण्याचा खटाटोप करूं नये. नव्या राउटरलाच आपल्या गांवची जुनी वेस, म्हणजे १९२.१६८.१०.१, द्यावी व खंडाचा पट्टा पूर्ववत् बांधावा. पाहुण्यानें घरची रीत पाळावी, घरानें पाहुण्याची नव्हे.

घड्याळ आणि साक्ष

वेशीचा आंकडा चुकला तरी आवारांतील चित्र दिसत राहतें. म्हणून पुष्कळजण तो भरतच नाहींत. पण रेकॉर्डर आपलें घड्याळ इंटरनेटवरील प्रमाण घड्याळाशीं याच वेशींतून जुळवितो. वेस नसली कीं घड्याळ हळूहळू मागेंपुढें सरकतें. भारतीय प्रमाणवेळ ही जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटें पुढें आहे. हा फरक रेकॉर्डरमध्यें नीट भरला नाहीं, तर सकाळीं ११ वाजतां झालेलें वजन पहांटेच्या ५॥ च्या सुमारास नोंदलें जाईल. असलें चित्र वादांत कोण मानील ?

वेळेचें महत्त्व किती आहे, याचें उदाहरण आपल्या जालन्याचेंच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत उमेदवारी अर्ज दुपारीं ३ च्या मुदतीनंतर दाखल झाला कीं काय, असा तेथें वाद निघाला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील चित्रीकरण पुराव्यांत आलें. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ यंत्र हजर न करतां त्यांतील नक्कल पुरावा म्हणून द्यावयाची, तर कायद्यानें सांगितलेला दाखला हवाच, असा निर्णय त्या न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं दिला. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणें द्यावयाच्या दाखल्याच्या नमुन्यांत यंत्राची जात, नमुना, अनुक्रमांक व जाळ्यांतील यंत्रक्रमांक यांसारखा तपशील विचारला आहे. ज्या संस्थेनें हा तपशील पहिल्याच दिवशीं वहींत उतरून ठेवला, तिला दाखला देण्यास एक दिवस पुरेल; जिनें ठेवला नाहीं, तिला शिडी घेऊन फिरावें लागेल.

वेशीबाहेरचे चोर

अध्यक्षांना घरीं बसून मोबाईलावर गुदाम पाहावयाचें असतें. इच्छा रास्त आहे. पण त्यासाठीं राउटरमध्यें एक खिडकी कायमची उघडी ठेवून जगांतील कोणालाही थेट रेकॉर्डरपर्यंत येऊं देणें, ही पद्धत धोक्याची आहे. २०१६ सालीं मिराई नांवाच्या एका दुष्ट प्रणालीनें जगभरचे असे उघडे कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर हुडकून, कारखान्यांतील न बदललेले सुमारें साठ नांव-पासवर्डांचे जोड लावून पाहिले आणि असंख्य यंत्रें कबजांत घेतलीं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्याच यंत्रांकडून अमेरिकेंतील डिन या कंपनीवर हल्ला करविण्यांत आला व कित्येक मोठीं संकेतस्थळें तासचे तास बंद पडलीं. ज्यांचीं यंत्रें वापरलीं गेलीं त्या मालकांना बहुधा पत्ताही नव्हता!

आपल्याकडे मोबाईलच्या सिमवर चालणाऱ्या राउटरला बहुधा बाहेरचा स्वतंत्र पत्ता मिळतही नाहीं. कंपनी पुष्कळ ग्राहकांना एकाच पत्त्याआड ठेवते. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधील आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर तो याच प्रकारचा समजावा; तेथें खिडकी उघडूनही उपयोग नाहीं. तेव्हां उत्पादकाच्या मोबाईल-प्रणालीनें, किंवा जाणकार मिळाल्यास व्ही. पी. एन. या बंदिस्त मार्गानेंच बाहेरून पाहावें. भारत सरकारनें ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांच्या विक्रीसाठीं सुरक्षिततेची चांचणी आवश्यक केली आहे; नवी खरेदी करतांना तसा दाखला मागावा.

वही कोणाच्या हातीं ?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. पुष्कळ ठिकाणीं हे सर्व पत्ते व पासवर्ड एकट्या कंत्राटदाराच्या मोबाईलांत असतात. तो गांव सोडून गेला, किंवा पैशांवरून बिनसलें, कीं संस्था आपल्याच कॅमेऱ्यांना परकी होते. ज्या संस्थेचीं जमिनीचीं कागदपत्रें दलालाच्या घरीं असतील तिला आपण काय म्हणूं ? हेंही तितकेंच गैर आहे.

म्हणून संस्थेनें पत्त्यांची एक स्वतंत्र वही घालावी. तींत कॅमेऱ्याची जागा, पत्ता, शीव, वेस, यंत्राची जात, नमुना व अनुक्रमांक, जाळ्यांतील यंत्रक्रमांक, तारेचा क्रमांक आणि बसविल्याची तारीख इतके रकाने असावे. पासवर्ड वहींत लिहूं नयेत; ते लाखबंद पाकिटांत घालून त्यावर अध्यक्ष व चिटणीस या दोघांच्या सह्या घ्याव्या आणि तें तिजोरींत ठेवावें. कंत्राटाच्या कागदांतच अशी अट घालावी कीं, वही भरून व पाकीट हातीं देऊन झाल्यावांचून शेवटचा हप्ता मिळणार नाहीं. कोणताही पत्ता बदलल्यास तारखेसह नोंद व्हावी. दरमहा एकदां चिटणीसानें वही हातांत घेऊन प्रत्येक कॅमेऱ्याचें मागील महिन्यांतील कोणत्याही एका दिवसाचें चित्र काढून पाहावें, घड्याळ ताडावें आणि सही करावी. आजचें चित्र दिसतें म्हणून मागचें सांठलें असेल, असें धरून चालूं नये.

हें काम विशेष विद्येचें नाहीं. ज्या गांवांत पिढ्यान् पिढ्या गट, हिस्से, बांध व वहिवाट यांचा हिशेब तोंडपाठ असतो, तेथील चिटणीसास आठ पत्त्यांची वही जड जाण्याचें कारण नाहीं. येत्या वार्षिक सभेंत हिशेबाच्या वह्यांबरोबर ही वहीही टेबलावर ठेवावी आणि सभासदांनीं ती मागून पाहावी, अशी आमची सर्व संस्थांस आग्रहाची सूचना आहे. काट्यावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला आणि काट्यामागें बसलेल्या कारकुनाला, दोघांनाही त्या वहीचा सारखाच आधार आहे.